स्मरण ठेवणारा रोधक

आमच्या विद्यार्थिमित्रांनीं लहानपणीं पाढे घोकले असतीलच. पहिल्या दिवशीं अडखळणारी जीभ महिन्याभरानें सरळ चालूं लागते. या अवधींत डोक्यांत नेमकें काय पालटतें?

मनुष्याच्या मेंदूंत सुमारें ८६ अब्ज मज्जापेशी आहेत. एक पेशी दुसरीस जेथें निरोप पोंचविते, त्या सांध्यास ‘सिनॅप्स’ म्हणतात. पहिलीचा निरोप दुसरी जागृत होण्याच्या किंचित् आधीं आला, तर पुष्कळ ठिकाणीं सांधा दृढ होतो. मागाहून आला, तर तो शिथिल होतो. रानांतील पाऊलवाट चालून चालून रुळते, तसेंच हें होय.

आतां संगणकाकडे पाहूं. त्यांत स्मरणाची जागा निराळी व गणिताची जागा निराळी. दोहोंमधील येरझारेंतच पुष्कळ वीज खर्च होते. मेंदू मात्र स्मरण व विचार एकाच ठिकाणीं करितो, आणि त्यास सुमारें २० वॅट शक्ति पुरते. तेव्हां सांध्याप्रमाणें वागणारा विजेचा भाग करितां येईल काय?

रोधक, धारित्र व प्रेरक हे तीन भाग विद्यार्थ्यांस ठाऊक आहेत. अमेरिकेंतील बर्कली येथील प्राध्यापक लिऑन च्युआ यांनीं १९७१ सालीं गणितानें दाखविलें कीं, चौथाही भाग असला पाहिजे. त्यास त्यांनीं ‘मेमरिस्टर’, म्हणजे स्मरण ठेवणारा रोधक, असें नांव दिलें. २००८ सालीं ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या प्रयोगशाळेनें असा भाग हातीं आल्याचें जाहीर केलें. प्लॅटिनमच्या दोन तारांमध्यें टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिशय पातळ थर होता, व त्याच्या एका बाजूस प्राणवायूचे अणु कमी होते. विजेच्या दाबानें त्या रिकाम्या जागा सरकतात व रोध बदलतो. दाब काढला तरी बदललेला रोध तसाच राहतो. हेंच त्याचें स्मरण.

२०१० सालीं मिशिगन विद्यापीठांत चांदी व सिलिकॉन यांच्या थरापासून केलेला मेमरिस्टर वर सांगितल्याप्रमाणेंच, निरोपांच्या मागेंपुढें येण्यावरून, बळकट वा दुबळा होतो असें दिसून आलें.

आडव्या-उभ्या तारांची जाळी करून प्रत्येक छेदावर एक मेमरिस्टर बसविला, तर आणखी एक लाभ होतो. ओहमच्या नियमानें प्रत्येक छेदावर गुणाकार होतो, आणि उभ्या तारेंत प्रवाह एकत्र येऊन बेरीज होते. म्हणजे जेथें स्मरण, तेथेंच गणित! २०२४ सालीं बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनीं अशा भागास १६,००० हून अधिक निरनिराळ्या अवस्था देतां येतात असें दाखविलें.

तथापि मेंदू तयार झाला, असें कोणीं समजूं नये. दोन मेमरिस्टर तंतोतंत सारखे वागत नाहींत, आणि वारंवार वापरानें ते झिजतात. शिवाय सजीव सांध्यांतील रसायनांचा व्यवहार याहून फार गुंतागुंतीचा आहे. आम्हीं येथें ज्याचें वर्णन केलें, ती त्याच्या केवळ एका गुणाची नक्कल होय.

मात्र वर्गांत ओहमचा नियम शिकतांना ‘याचा उपयोग काय?’ असें जे विचारतात, त्यांनीं ती जाळी एकवार कागदावर काढून पहावी.