९८.६ मधला दशांश

महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत तापमानाच्या दोन मोजपट्ट्या एकत्र नांदतात. नागपूरचा पारा पंचेचाळिसावर गेला, हा आकडा सेल्सियसचा. मुलाला एकशे दोन ताप आहे, हा फॅरनहाइटचा. गोंधळ कोणाचाच होत नाही, कारण दोन्ही आकडे आपापल्या जागी राहतात. एकाचा दुसरा करायची वेळ आली तर शाळेतले सूत्र असतेच: सेल्सियसच्या आकड्याला ९ ने गुणा, ५ ने भागा, ३२ मिळवा. सूत्र बिनचूक आहे. पण मूळ आकडा किती खात्रीने मोजलेला होता, हे त्यातून पलीकडे पोचत नाही. निरोगी माणसाचे तापमान म्हणून जगभर पाठ झालेला ९८.६ हा आकडा याच वाटेने आला. त्यातल्या दशांशाला जो मान मिळाला, तो मोजणीने कमावलेला नाही, असे माझे म्हणणे आहे.

मोजपट्टी आखायची तर न हलणाऱ्या खुणा हव्यात, आणि सुरुवातीच्या संशोधकांना माणसाचे शरीर ही अशीच एक खूण वाटली. न्यूटनने १७०१ मध्ये जवसाच्या तेलाच्या तापमापकावर वितळत्या बर्फाला ० आणि शरीराच्या उष्णतेला १२ अंश दिले. कोपनहेगनच्या ओले रोमरची पट्टी पाहून डानिएल फॅरनहाइटने आपली पट्टी घडवली आणि १७२४ मध्ये तिच्या तीन खुणा जाहीर केल्या: बर्फ, पाणी आणि नवसागराच्या मिश्रणाला ०, नुसत्या बर्फ-पाण्याला ३२ आणि निरोगी माणसाच्या तोंडातल्या किंवा काखेतल्या तापमानाला ९६. म्हणजे फॅरनहाइटच्या पट्टीवर शरीर ९६ वर होते, आणि तेही मोजून नव्हे, ठरवून. पुढे उकळत्या पाण्याची खूण २१२ वर पक्की झाली आणि शरीराचा आकडा आपोआप अठ्ठ्याण्णवच्या पुढे सरकला. उप्सालाच्या अँडर्स सेल्सियसने १७४२ मध्ये शरीराला खुणांतून वगळलेच. त्याने फक्त पाण्याचे गोठणे आणि उकळणे घेतले (उकळण्याला ०, गोठण्याला १००, ही पट्टी त्याच्या पश्चात उलटी झाली), आणि उकळण्याचा बिंदू हवेच्या दाबानुसार हलतो हेही तपासून नोंदवले. जी वस्तू तास बदलला की बदलते, तिच्यावर मोजपट्टी टांगता येत नाही, हा धडा भौतिकशास्त्राने असा घेतला.

वैद्यकाने मात्र शतकभरानंतर शरीराला पुन्हा एका बिंदूवर बसवले. लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिशने १८६८ मध्ये रुग्णांच्या तापमानावरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यामागे सुमारे २५ हजार रुग्णांच्या काखेतल्या नोंदी होत्या. ताप हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे, हे या कामाने ठसवले. त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. निरोगी शरीराचे तापमान त्याने सेल्सियसमध्ये ३७ सांगितले, पण सोबत सव्वाछत्तीस ते साडेसदतीस असा पट्टाही दिला. इंग्रजी भाषांतर १८७१ मध्ये आले. इंग्रजी वाचणाऱ्या डॉक्टरांच्या हाती फॅरनहाइटचे तापमापक होते, त्यांच्यासाठी ३७ चे ९८.६ झाले. पट्टा मागे पडला, बिंदू उरला. ३७ वाचताना ‘साधारण’ हा शब्द मनात येऊ शकतो, ९८.६ वाचताना तो येत नाही, कारण कोणीतरी दशांशापर्यंत मोजून पाहिले असणार असे वाटते. तापाची १००.४ ही प्रसिद्ध सीमाही अशीच, ३८ या पूर्णांकाचे रूपांतर आहे. ब्रिटनमध्ये तर बराच काळ ९८.४ हाच आकडा प्रमाण मानला जाई, आणि तोही तितक्याच ठामपणे.

यावर रास्त आक्षेप असा की इतक्या नोंदींची सरासरी असेल तर दशांश कमावलेलाच आहे. पण नोंदी वाढवल्याने फक्त विखुरलेल्या चुका एकमेकींना खोडतात. उपकरणच एका बाजूला झुकलेले असेल तर लाखो नोंदी तोच झुकाव जपतात. वुंडरलिशचा म्हणून जतन झालेला एक तापमापक अमेरिकी डॉक्टर फिलिप मॅकोविआक यांनी तपासला, तेव्हा तो आजच्या उपकरणांपेक्षा एक अंश सेल्सियसहूनही जास्त दाखवणारा निघाला. दुसरा आक्षेप गणिताचा आहे: ९८.६ चे ९९ केले तर उलट रूपांतरात ३७.२ येतील, मग दशांश टाकायचा कसा? टाकू नये. त्याच्या शेजारी पट्टा लिहावा. ३७ च्या दोन्ही बाजूंना अर्धा अंश धरला तर फॅरनहाइटमध्ये ९८.६ च्या दोन्ही बाजूंना ०.९ येतो. इथे ३२ मिळवायचे नाहीत, हे नीट लक्षात घ्यायला हवे. ३२ लागतात ते शून्याची जागा वेगळी आहे म्हणून. फरकाला शून्याची जागा नसते, त्याला फक्त ९/५ लागतो. पृथ्वीची तापमानवाढ दीड अंश सेल्सियसवर रोखायची म्हणजे फॅरनहाइटमध्ये २.७ अंशांवर, ३४.७ म्हणणारा गणित चुकला नाही, फरक आणि बिंदू यांत चुकला.

मॅकोविआक आणि सहकाऱ्यांनी १४८ निरोगी प्रौढांच्या तोंडातून घेतलेल्या ७०० नोंदींचा अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. सरासरी आली ३६.८, म्हणजे ९८.२. नेमके ९८.६ दाखवणाऱ्या नोंदी शंभरात जेमतेम आठ. पहाटे सहाला तापमान सर्वांत कमी, दुपारी चार ते सहाच्या सुमारास सर्वांत जास्त. स्त्रियांचे पुरुषांपेक्षा किंचित अधिक. यादवी युद्धातल्या सैनिकांपासूनच्या अमेरिकी नोंदी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तपासून २०२० मध्ये प्रसिद्ध केल्या, तेव्हा जन्माच्या दर दशकामागे सरासरी ०.०३ अंश सेल्सियसने घटलेली दिसली. त्यांच्या मते हे केवळ उपकरणांच्या सुधारणेने घडलेले नाही. दीर्घकालीन संसर्ग आणि त्यांतून येणारा दाह कमी झाल्याने शरीरेच थोडी निवली असावीत. तरीही १००.४ ची सीमा सोडून द्यावी असे यातून निघत नाही. तीन महिन्यांखालच्या बाळाचा ताप या आकड्याला पोचला की डॉक्टरांकडे ताबडतोब न्यायचे असते. तिथे हा आकडा कृतीसाठी आखलेली रेघ आहे, आणि रेघ ठळक असलेलीच बरी. मोठ्या माणसाला संध्याकाळी ९९ भरले, तर मात्र ९८.६ च्या वर किती, यापेक्षा त्याचे रोजचे संध्याकाळचे तापमान किती असते, हा प्रश्न डॉक्टरांच्या अधिक कामाचा आहे.