गर्भजल परीक्षण : विज्ञान, कायदा आणि काळाची मर्यादा

गर्भाशयातील गर्भ ज्या द्रवात वाढतो, त्यात गर्भाच्या पेशी मिसळलेल्या असतात. साधारणतः पंधराव्या आठवड्यानंतर, सोनोग्राफीच्या साहाय्याने, मातेच्या पोटातून बारीक सुई घालून हा द्रव काढतात. त्यातील पेशींवरून गुणसूत्रांतील दोष व काही आनुवंशिक आजार ओळखता येतात. या चाचणीत गर्भपाताचा अल्प धोका असल्याने ती सरसकट केली जात नाही.

पूर्व भारतात या चाचणीला विशेष महत्त्व आहे. पश्चिम बंगालमध्ये बीटा थॅलेसेमिया व हिमोग्लोबिन-ई यांचे वाहक लक्षणीय प्रमाणात आढळतात. पती-पत्नी दोघेही बीटा थॅलेसेमियाचे वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. अशा बालकाला सामान्यतः आयुष्यभर रक्त द्यावे लागते. हा खर्च सामान्य कुटुंबाची आर्थिक घडी विस्कटून टाकतो.

याच चाचणीने गर्भाचे लिंगही कळते. १९७८ मध्ये शासकीय रुग्णालयांत तिचा लिंगनिदानासाठी वापर थांबविण्यात आला. परंतु खासगी क्षेत्रात तो फोफावला. मुंबईतील महिला संघटनांच्या लढ्यानंतर महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातील पहिला प्रतिबंधक कायदा केला. १९९४ चा केंद्रीय कायदा १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला व २००३ मध्ये तो अधिक कठोर झाला. हा कायदा चाचणीवर बंदी घालत नाही. आनुवंशिक दोषांच्या निदानासाठी, नोंदणीकृत केंद्रात, स्त्रीच्या लेखी संमतीने ती करता येते. लिंग सांगणे मात्र गुन्हा आहे. तरीही ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ व २०११ मध्ये ८९४ अशी घसरत गेली. २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये ती ९५६ होती.

दुसरा प्रश्न काळाचा. पेशींची वाढ करून अहवाल मिळण्यास दोन-तीन आठवडे लागू शकतात. १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्याची मर्यादा मात्र २० आठवड्यांची होती. म्हणजे निदान हाती येईपर्यंत निर्णयाची मुदत संपत असे. कोलकात्यातील एका महिलेच्या गर्भातील गंभीर हृदयदोष याच मर्यादेनंतर निश्चित झाला. तो अन्य तपासणीतून कळला असला तरी अडचण तीच होती. एसएसकेएम रुग्णालयातील वैद्यकीय मंडळाच्या अहवालावरून सर्वोच्च न्यायालयाने ३ जुलै २०१७ रोजी, सुमारे २६ आठवड्यांच्या अवस्थेत, तिला परवानगी दिली. २०२१ च्या दुरुस्तीने ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी मर्यादा २४ आठवडे केली. गर्भात गंभीर दोष असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरविल्यास ती लागू होत नाही.

सारांश, एका कायद्याने चाचणीच्या हेतूवर बंधन घातले, तर दुसऱ्याने तिच्या निष्कर्षाला अर्थ दिला. परंतु वाहक-तपासणी विवाहापूर्वी अथवा गर्भारपणाच्या प्रारंभीच झाली, तरच या दोन्ही कायद्यांचा लाभ गरीब स्त्रीपर्यंत वेळेत पोहोचेल.