वेगवान मोटार घेताना व्यापाऱ्याने काय पाहावे?

नगर येथे संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था, म्हणजे व्हीआरडीई, आहे. तिच्या चाचणी रस्त्यावर गाड्यांचा वेग, ब्रेक आणि मजबुती तपासली जाते. व्यापाऱ्याची कसोटी मात्र निराळी असते. गाडीत त्याचे भांडवल गुंततें, म्हणून दहा वर्षांनी तिचे काय होईल हेही त्याला खरेदीच्या दिवशीच पाहावे लागते.

या दृष्टीने आपल्या शेजारी, पुणे-नगर रस्त्यावरील रांजणगावला तयार झालेल्या एका गाडीचा हिशेब उपयोगी आहे. फियाट कंपनीने २००९ मध्ये येथे बनवलेली 'पुंटो' ही छोटी मोटार बाजारात आणली. ऑक्टोबर २०१५ मध्ये तिचाच 'अबार्थ पुंटो' हा वेगवान प्रकार आला. दिल्लीतील शोरूम किंमत ९ लाख ९५ हजार रुपये होती. १.४ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ अश्वशक्ती आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. ताशी १०० किलोमीटरचा वेग ८.८ सेकंदांत, असा कंपनीचा दावा होता. या किमतीत एवढी ताकद ही मोठीच गोष्ट होती.

हे गुण कामाचेही आहेत. उसाच्या हंगामात नगर-मनमाड रस्त्यावर दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे आला की ताकदीचे इंजिन आणि खात्रीचे ब्रेक यांची किंमत कळते. पण ही गाडी साध्या पुंटोपेक्षा जमिनीला अधिक टेकलेली आहे. खेड्यातील गतिरोधक आणि खड्डे तिला मानवत नाहीत. पाय जड पडला की पेट्रोलही भराभर जळते.

खरा धडा मात्र पुढे आहे. काही वर्षांतच फियाटने भारतातील मोटारविक्री थांबवली. रांजणगावचा कारखाना चालू राहिला. तेथे जीप आणि टाटाच्या गाड्या बनत राहिल्या. पुंटोच्या मालकांचे काय झाले? ज्यांच्याकडे १.३ लिटरची डिझेल पुंटो होती ते बरेच सावरले, कारण तेच मूळ इंजिन मारुती स्विफ्ट आणि टाटा व्हिस्टा यांतही होते. त्यामुळे त्या इंजिनाचे भाग आणि ते उघडणारे मिस्त्री गावोगाव आहेत. अबार्थचे टर्बो पेट्रोल इंजिन मोजक्याच गाड्यांत बसले. त्याचा एखादा भाग मागवायचा तर वाट पाहावी लागते, आणि तेवढे दिवस गाडी दारात उभी. दिव्याची काच, बंपर असे भाग तर दोन्ही पुंटोंना शोधावेच लागतात.

आज ही गाडी जुन्या बाजारातच मिळते. घेणाऱ्याने थंड इंजिन सुरू करून धूर पाहावा, टर्बोचा आवाज ऐकावा, टायमिंग बेल्ट बदलल्याचे बिल मागावे. आपला नेहमीचा मिस्त्री सोबत न्यावा. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घ्यावा. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. हे झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

विकणाऱ्यावरही जबाबदारी आहे. मालातील ऐब सांगूनच सौदा करावा, ही इस्लामची स्पष्ट शिकवण आहे. अपघात लपवून किंवा मीटर मागे फिरवून मिळवलेल्या पैशात बरकत नसते. तसेच हौसेच्या गाडीसाठी व्याजाचे कर्ज अंगावर घेणे धर्मालाही मान्य नाही आणि धंद्यालाही परवडत नाही.

ज्याच्याकडे कामाची दुसरी गाडी आहे आणि शिलकी पैसा आहे, त्याने अबार्थ जरूर पाहावी. गाडी म्हणून ती उत्तम आहे. ज्याचे दुकान, फेरी किंवा कारागिरी एकाच गाडीवर चालते, त्याने आधी गावातील गॅरेजमध्ये जाऊन तिचे भाग किती दिवसांत मिळतात ते विचारावे आणि मगच शोरूमची किंवा दलालाची पायरी चढावी.