उशीर हेच भांडवल : जॉन्स-मॅनव्हिल आणि अ‍ॅस्बेस्टॉसचे खटले

२६ ऑगस्ट १९८२ रोजी अमेरिकेतल्या मॅनव्हिल कॉर्पोरेशनने दिवाळखोरी कायद्याच्या अकराव्या प्रकरणाखाली न्यायालयाकडे संरक्षण मागितले. तेव्हा तिची मालमत्ता दोन अब्ज डॉलरहून अधिक होती आणि कारखाने व्यवस्थित चालू होते. तगादा होता तो तिच्याच मालामुळे आजारी पडलेल्यांचा. सुमारे १६,५०० खटले प्रलंबित होते आणि एकूण आकडा ५२ हजारांपर्यंत जाईल असा तिचाच अंदाज होता. पूर्वी जॉन्स-मॅनव्हिल या नावाने ओळखली जाणारी ही कंपनी जगातल्या सर्वांत मोठ्या अ‍ॅस्बेस्टॉस उत्पादकांपैकी एक. वाफेचे नळ, बॉयलर, जहाजांची इंजिनघरे यांवर चढवायचे उष्णतारोधक आवरण हा तिचा मोठा व्यवसाय. हे प्रकरण ‘कायद्याने बलाढ्य कंपनीला वाकवले’ असे सांगितले जाते, किंवा ‘वकिलांनी चांगला उद्योग बुडवला’ असेही. कागदपत्रांचा क्रम लावून पाहिला की दोन्ही कथा अपुऱ्या वाटतात. अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात गेल्यापासून आजार उघड व्हायला वीस ते चाळीस वर्षे लागतात. ही मधली वर्षे कंपनीच्या सर्वांत जास्त कामी आली. तिने ती जाणूनबुजून वापरली आणि शेवटी दिवाळखोरीच्या कायद्यानेही तिला आणखी वर्षेच दिली.

१९३० साली ब्रिटनमध्ये मेरवेदर आणि प्राइस यांचा सरकारी अहवाल निघाला. अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांत दीर्घकाळ काम करणाऱ्यांची फुप्फुसे निबर होत जातात हे त्यात तपासणीनिशी मांडले होते, आणि १९३१ मध्ये धूळ शोषून घेणारी यंत्रणा बसवण्याचे नियमही तिथे आले. त्याच सुमारास न्यू जर्सीत जॉन्स-मॅनव्हिलवर कामगारांचे दावे दाखल झाले होते. १९३३ मध्ये कंपनीने अकरा दावे मिळून ३० हजार डॉलरवर मिटवले, तेही एका अटीवर : कामगारांच्या वकिलाने यापुढे असे दावे आणायचे नाहीत. १९३५ मध्ये रेबेस्टॉस-मॅनहॅटन या दुसऱ्या उत्पादक कंपनीचे अध्यक्ष समनर सिम्प्सन आणि जॉन्स-मॅनव्हिलचे वकील व्हँडिव्हर ब्राऊन यांच्यात पत्रव्यवहार झाला. या विषयाची वाच्यता जितकी कमी होईल तितके बरे, यावर दोघांचे एकमत होते. पुढच्याच वर्षी या कंपन्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या सॅरनॅक प्रयोगशाळेला संशोधनासाठी पैसे दिले, पण निष्कर्ष पैसे देणाऱ्यांच्या मालकीचे राहतील आणि प्रसिद्धी त्यांच्या मर्जीवर असेल असे करारात लिहून घेतले. या प्रयोगशाळेतल्या डॉ. लेरॉय गार्डनर यांना १९४३ मध्ये धूळ दिलेल्या उंदरांत गाठी आढळल्या. १९४६ मध्ये ते वारले आणि पुढे प्रसिद्ध झालेल्या अहवालातून कर्करोगाचा भाग वगळला गेला. वकिलाला गप्प करणारी अट, पत्रांतले एकमत, करारातले कलम आणि गाळलेली पाने हे सारे एकाच डावपेचाचे भाग आहेत. माहिती लोकांपर्यंत पोहोचायला जेवढा वेळ लागेल तेवढा लागू द्यायचा.

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात आणि दोन्ही बिनबुडाचे नाहीत. पहिला असा की १९३०च्या दशकात फुप्फुसाचा निबरपणा माहीत होता, कर्करोगाचा संबंध नाही. रिचर्ड डॉल यांचा फुप्फुसाच्या कर्करोगावरचा अभ्यास १९५५चा, दक्षिण आफ्रिकेतला मेसोथेलिओमा या फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगावरचा शोधनिबंध १९६०चा आणि नळांना आवरण चढवणाऱ्या कामगारांवरचा आयर्विंग सेलिकॉफ यांचा अभ्यास १९६४चा. हे खरे आहे. पण कामगाराला सावध करायला कर्करोगाच्या पुराव्याची वाट पाहण्याची गरज नव्हती. १९४९ मध्ये कंपनीचे डॉक्टर केनेथ स्मिथ यांनी क्वेबेकमधल्या खाणीच्या ७०८ कामगारांची क्ष-किरण तपासणी केली. सात जणांना अ‍ॅस्बेस्टोसिस, म्हणजे तोच फुप्फुसाचा निबरपणा, झालेला दिसत होता. माणूस काम करू शकतो तोवर त्याला सांगू नये, अशी शिफारस त्यांनी अहवालात केली. हे अज्ञान नव्हते. निदान हाती होते आणि ते ज्याचे, त्यालाच कळू द्यायचे नाही असे ठरवले होते. पोत्यांवर आणि खोक्यांवर धोक्याची सूचना छापावी असे आपण पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला सुचवले होते, पण धंद्याला फटका बसेल म्हणून ते झाले नाही, असे याच डॉक्टरांनी पुढे साक्षीत सांगितले. पहिली सूचना १९६४ मध्ये छापली गेली आणि तिच्यात मृत्यूचा किंवा कर्करोगाचा उल्लेखही नव्हता.

दुसरा आक्षेप युद्धाचा. दुसऱ्या महायुद्धात नौदलाला जहाजे हवी होती, जहाजांना अ‍ॅस्बेस्टॉस हवा होता आणि माल विकत घेणारे सरकारच होते. सरकारच्या वाट्याची जबाबदारी मी नाकारत नाही. मात्र युद्धाला माल लागत होता, मौन लागत नव्हते. धूळ ओढून नेणे, तोंडावर जाळी, कामगाराची नियमित तपासणी हे उपाय तेव्हाच ठाऊक होते आणि त्यांनी एकही जहाज थांबले नसते.

कायदा जागा व्हायला इतका काळ का लागला, याचे एक कारण कायद्यातच होते. कामगार नुकसानभरपाई योजनेमुळे अमेरिकेत कामगाराला सहसा आपल्या मालकावर दिवाणी दावा लावता येत नव्हता, आणि भरपाई तुटपुंजी होती. पण आवरण चढवणारे लोक ठेकेदारांकडे कामाला असत; माल बनवणारी कंपनी त्यांची मालक नव्हती. ही फट क्लॅरेन्स बोरेल यांच्या टेक्सासमधल्या खटल्याने उघडी केली. तीस वर्षांहून अधिक काळ हे काम केलेले बोरेल निकालापूर्वीच वारले. १९७३ मध्ये पाचव्या सर्किट न्यायालयाने ठरवले की उत्पादकाने आपल्या मालाबद्दल तज्ज्ञाइतके जाणले पाहिजे आणि जाणलेले वापरणाऱ्याला सांगितले पाहिजे. १९७७ मध्ये सिम्प्सन यांची जुनी पत्रे खटल्यांत बाहेर आली. जुलै १९८२ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘त्या काळच्या विज्ञानाला धोका माहीत नव्हता’ हा बचाव चालणार नाही असा निकाल दिला, तोही जॉन्स-मॅनव्हिलच्याच विरोधात. दुसऱ्याच महिन्यात कंपनी दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली.

त्या दिवशी सगळे खटले जागच्या जागी थांबले. कंपनीच्या पुनर्रचनेची योजना अमलात यायला १९८८ उजाडले आणि दरम्यान अनेक दावेदार मरण पावले. दिवाळखोरीचे समर्थक म्हणतात की उद्या आजारी पडणाऱ्यांनाही काही मिळायला हवे. नाहीतर आधी न्यायालयात पोहोचणारे सगळे घेऊन गेले असते आणि हजारोंच्या नोकऱ्याही गेल्या असत्या. हा विचार मला योग्य वाटतो आणि त्यातून उभा राहिलेला, बाधितांना भरपाई देणारा विश्वस्त निधी ही खरोखर नवी कल्पना होती. १९९४ मध्ये संसदेने तिला ५२४(जी) या कलमाने कायद्याचे रूप दिले. व्यवहारात काय झाले? १९९० पर्यंत निधी आटला. १९९५ मध्ये वाटप पुन्हा सुरू झाले ते मान्य दाव्याच्या दहा टक्क्यांनी, आणि २००१ मध्ये प्रमाण पाच टक्क्यांवर आले. मोबाइल व्हॅनमध्ये घाऊक क्ष-किरण काढून आणलेल्या, जेमतेम बाधा असलेल्यांच्या दाव्यांनीही निधी झिजवला, हे मान्य केलेच पाहिजे. पण ज्या रोगाची नोंद तीस वर्षे दडवली, त्यातले खरे रोगी कोण हे नंतर ओळखणे अवघड होणारच, आणि ती अडचण दडवणाऱ्यानेच निर्माण केलेली होती. मेसोथेलिओमाच्या रुग्णाला शंभरातले पाच मिळत असताना, त्याच २००१ मध्ये बर्कशायर हॅथवेने जॉन्स मॅनव्हिल सुमारे १.९ अब्ज डॉलरला विकत घेतली. अ‍ॅस्बेस्टॉसच्या देण्यातून मोकळी झालेली कंपनी पुन्हा विकत घेण्याजोगी ठरली होती. त्याच वर्षी फेडरल-मोगल या कंपनीने, तिने विकत घेतलेल्या ब्रिटनच्या टर्नर अँड न्यूऑलच्या देण्यांमुळे, दिवाळखोरीची हीच वाट धरली. घाटकोपरची हिंदुस्थान फेरोडो ही टर्नर अँड न्यूऑलचीच उपकंपनी होती.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर निकाल देताना नेमक्या याच वेळेच्या प्रश्नाला हात घातला. बाधित कामगाराला एक लाख रुपये, आणि त्याच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान चाळीस वर्षे किंवा काम सुटल्यावर पंधरा वर्षे, यांतले जे उशिरा संपेल तोवर जपणे बंधनकारक. अमेरिकेच्या अनुभवातून घ्यायची नेमकी गोष्ट हीच होती. परंतु आपल्याकडे अ‍ॅस्बेस्टॉसची आयात आजही चालू आहे. छपरांसाठी सिमेंटचे पत्रे कापणारा, जुन्या बॉयलरवरची आवरणे ओरबाडून काढणारा किंवा अलंगच्या किनाऱ्यावर जहाज तोडणारा माणूस बहुधा ठेकेदाराकडचा असतो. हंगाम संपला की ठेकेदार बदलतो आणि हजेरीपट नाहीसा होतो. म्हणून नोंद ठेवण्याची सक्ती ठेकेदारावर न ठेवता ज्याची इमारत, ज्याचा बॉयलर, ज्याचे जहाज त्याच्यावर बसवली पाहिजे आणि त्या नोंदीची एक प्रत पहिल्याच दिवशी कामगाराच्या हातात पडली पाहिजे.