त्या दिवशी विरजण लागलं नाही

पलूस तालुक्याला दुधाची सवय जुनी. भिलवडीत भास्कर गणेश चितळे यांनी 1939 साली दुधाचा व्यवसाय सुरू केला, आणि आमच्या कृष्णाकाठी आजही ऊस आणि द्राक्षबागा सांभाळून दारात एखादी म्हैस असतेच. दही न लागणं म्हणजे काय, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आणि नोकरी केली ती मात्र तालुक्याबाहेरच्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत. श्रीखंडाच्या चक्क्यासाठी लावलेलं दही तपासणं हे माझं काम.

दह्याची आम्लता मोजायची पद्धत साधी आहे. नमुन्यात फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकायचे आणि ब्युरेटमधून थेंबथेंब कॉस्टिक सोडा सोडायचा. दही चांगलं आंबलेलं असेल तर गुलाबी रंग यायला बराच सोडा लागतो. दसऱ्याच्या तोंडावर एकदा, रात्री विरजलेल्या टाकीतला नमुना सकाळी घेतला, तर बघता बघता गुलाबी झाला. आम्लता 0.7 टक्क्यांच्या पुढे जायला हवी होती, ती 0.3 च्या आसपास अडकलेली. पहिला संशय दुधावर आला. कासदाह झालेल्या जनावराला अँटिबायोटिक दिलं तर ते दुधात उतरतं आणि विरजणातले जिवाणू मारतं. पण तेच दूध वाटीत घेऊन त्याला घरचं विरजण लावलं, तर ते छान घट्ट लागलं. मग टाकीतल्या दह्याचं पाणी जिवाणू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून गाळलं आणि ताज्या कल्चरमध्ये टाकलं. तेही कल्चर गेलं.

गाळणीतून पार झालं होतं ते बॅक्टेरियोफेज, म्हणजे जिवाणूंना लागण करणारे विषाणू. 1915 मध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी आणि 1917 मध्ये पॅरिसला फेलिक्स द'हेरेल यांनी ते स्वतंत्रपणे शोधले. एक फेज सहसा जिवाणूच्या एखाद्या वाणालाच धरतो. घरच्या विरजणात कितीतरी वाण मिसळलेले असतात. एक गेला तरी दुसरे दूध आंबवतात. कारखान्यात चव दर वेळी सारखी यावी म्हणून मोजकेच वाण वापरतात, आणि तिथेच फेजला रान मोकळं मिळतं. काही फेज पाश्चरीकरणाच्या उष्णतेलाही पुरून उरतात. म्हणून डेअऱ्या कल्चर आलटून-पालटून वापरतात, आणि चक्क्यातून निथळलेलं पाणी कल्चरच्या खोलीपासून लांब ठेवतात.

फेज जिवाणू मारतो एवढं सांगून पाठ्यपुस्तकं थांबतात, याची मला खंत आहे. खरी गोष्ट तो आत शिरल्यावर सुरू होते. सगळ्यात खोल अभ्यास झालाय तो ई. कोलाय या जिवाणूच्या फेजांचा. त्यातला टी7 घ्या. त्याच्या डीएनएत 39,937 अक्षरजोड्या आहेत. जिवाणूला चिकटल्यावर सुरुवातीच्या साधारण 850 जोड्याच आत जातात. डीएनए वाचून आरएनए तयार करणारं जिवाणूचं विकर, आरएनए पॉलिमरेज, तो तुकडा वाचायला लागतं आणि वाचता वाचता पुढचा धागा स्वतःच आत ओढून घेतं. त्या वाचनातून बनणाऱ्या पहिल्या काही प्रथिनांमध्ये एक असतं टी7चं स्वतःचं आरएनए पॉलिमरेज. हे फक्त टी7च्याच जनुकांच्या सुरुवातीच्या खुणा ओळखतं, आणि जिवाणूच्या विकरापेक्षा कितीतरी वेगाने चालतं. ते कामाला लागलं की फेजचं दुसरं एक प्रथिन जिवाणूच्या पॉलिमरेजला चिकटून त्याला बंद पाडतं. मग फेजची विकरं जिवाणूचा डीएनए कापून काढतात आणि त्याच तुकड्यांतून नव्या फेजांचा डीएनए घडतो. अर्ध्या तासाच्या आत जिवाणू फुटतो.

टी4ची रीत निराळी. त्याच्याकडे स्वतःचं आरएनए पॉलिमरेज नाही, म्हणून तो जिवाणूचंच बदलून घेतो. त्यावर रासायनिक गट चिकटवतो, त्याला आपली प्रथिनं जोडतो, आणि ते फेजच्या जनुकांकडे वळतं. शिवाय टी4च्या डीएनएत साध्या सायटोसिनच्या जागी हायड्रॉक्सिमिथाइलसायटोसिन असतं. साधं सायटोसिन असलेला डीएनए दिसला की त्याची विकरं तो कापतात, आणि अशा डीएनएवर चाललेलं आरएनएचं काम आल्क नावाचं प्रथिन मध्येच तोडतं. एका अक्षराच्या फरकावर आपलं आणि परकं ओळखायची ही सोय मी पहिल्यांदा वाचली, तेव्हा त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

याच लागणीतून आरएनएचं एक मोठं कोडं सुटलं. 1956 मध्ये अमेरिकेतल्या ओक रिजला इलियट व्होल्किन आणि लाझारस ॲस्ट्राखन यांना टी2ची लागण झालेल्या जिवाणूत थोडासा नवा आरएनए सापडला. त्याची घडण जिवाणूच्या डीएनएशी नव्हे, फेजच्या डीएनएशी जुळत होती. 1961 मध्ये सिडनी ब्रेनर, फ्रांस्वा जेकब आणि मॅथ्यू मेसेल्सन यांनी टी4 वापरून दाखवलं, की लागणीनंतर प्रथिनं बनवणारे रायबोसोम जुनेच राहतात, त्यांच्यापर्यंत पोचणारा निरोप तेवढा नवा असतो. तो निरोप म्हणजे एमआरएनए.

कोविडच्या काळात एमआरएनए हा शब्द आमच्या पलूसच्या बाजारातही ऐकू येऊ लागला. जून 2022 मध्ये पुण्याच्या जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सच्या जेमकोव्हॅक-19 या लशीला आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. देशात विकसित झालेली ही पहिली एमआरएनए लस, आणि ती 2 ते 8 अंशांत, म्हणजे साध्या फ्रिजमध्ये टिकते. फायझर आणि मॉडर्ना यांच्या लशींमधला एमआरएनए जिवंत पेशीत बनत नाही. डीएनएचा साचा, आरएनएची सुटी अक्षरं आणि टी7चं आरएनए पॉलिमरेज भांड्यात एकत्र आणलं की तो तयार होतो. हे पॉलिमरेज मिळवण्यासाठी आता टी7ची गरज पडत नाही. त्याचं एक जनुक ई. कोलायमध्ये बसवलेलं असतं. बाकीचा फेज बाहेरच राहतो, जिवाणू मरत नाही, आणि टाक्या भरभरून ते विकर बनवत राहतो.