इनव्हर्नेसच्या पूर्वेला

स्कॉटलंडमधल्या इनव्हर्नेसला पोहोचलेले बहुतेक प्रवासी लॉक नेस सरोवराकडे धावतात. तेही पाहावं; पण एक दिवस उलट दिशेला, पूर्वेकडे द्या. शहरापासून १८ किलोमीटरच्या आत तिथे जे आहे, त्याने मी अक्षरशः थक्क झालो.

सुरुवात क्लाव्हाच्या दगडी समाध्यांपासून करावी. नेर्न नदीच्या खोऱ्यात, झाडांच्या सावलीत, दगडगोट्यांचे तीन मोठे वर्तुळाकार ढीग आहेत आणि प्रत्येकाभोवती उभ्या शिळांचं कडं. वय सुमारे ४,००० वर्षं. त्यांतल्या दोन समाध्यांना आत जाणारी अरुंद वाट आहे आणि दोन्हींची तोंडं नैर्ऋत्येला. का? कारण वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी सूर्य नेमका तिकडे मावळतो. इतक्या उत्तरेला तो दुपारी साडेतीनच्या सुमारासच बुडतो आणि त्याचे शेवटचे किरण त्या वाटेने सरळ आत शिरून गाभ्याच्या मागच्या भिंतीवर पडतात. कड्यातल्या सर्वांत उंच शिळाही त्याच बाजूला! ज्यांनी एकही अक्षर लिहून ठेवलं नाही, त्या माणसांनी किती हिवाळे क्षितिजावर नजर लावली असेल?

तिथून जेमतेम दोन किलोमीटरवर कलोडनचं मैदान. १६ एप्रिल १७४६ रोजी, ब्रिटिश राजगादीसाठी बंड पुकारलेल्या राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्टुअर्टच्या सैन्याचा सरकारी फौजेकडून इथे तासाभराच्या आत पराभव झाला. त्याचे सुमारे १,५०० लोक पडले. सामुदायिक दफनांवर १८८१ मध्ये कुळांच्या नावांचे दगड बसवले गेले. काहींवर फक्त ‘मिश्र कुळं’ एवढंच कोरलंय. ते वाचून पाय पुढे निघत नाही.

पुन्हा बंड होऊ नये म्हणून सरकारने दोन गोष्टी केल्या. डोंगराळ हायलँड्समधल्या पुरुषांच्या पारंपरिक पोशाखावर बंदी घातली, ती १७८२ पर्यंत टिकली; सवलत होती ती फक्त सैन्यातल्या शिपायांना. आणि समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या टोकावर फोर्ट जॉर्ज हा प्रचंड किल्ला बांधला. १७४८ ला काम सुरू झालं, १७६९ ला संपलं, तोवर बंडाचा धोकाच उरला नव्हता. या किल्ल्यावर कधीही हल्ला झाला नाही.

मराठी वाचकाने मात्र इथे जरा जास्त वेळ थांबावं. १७९३ मध्ये याच किल्ल्यात ७८ व्या हायलँडर्स पलटणीची उभारणी झाली आणि दहा वर्षांनी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, ती पलटण आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला, केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात, शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजांसमोर उभी होती. कलोडनला ज्यांचा मुलूख चिरडला गेला, त्याच मुलखातली पोरं ब्रिटिश सेनापती आर्थर वेलस्लीच्या हुकुमावर मराठी मातीत लढली. या लढाईची आठवण म्हणून पलटणीने हत्तीचं चिन्ह मिरवलं. किल्ल्यातल्या संग्रहालयात हायलँड पलटणींचा हा इतिहास मांडून ठेवलाय.

कलोडनच्या रणभूमीवर शहरातून बसने जाता येतं. क्लाव्हाला तिकीट नाही आणि ते वर्षभर खुलं असतं. जमलं तर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात जा, आणि दुपारी तीनच्या आत पोहोचा.