गाजरगवताचा इसब

इसब झाला की मलमाची ट्यूब आणायची, हा आपला जुना शिरस्ता. कोणता इसब, याच्या खोलात फारसं कुणी शिरत नाही. पुण्यात मात्र एका तणाने तो प्रश्न विचारायला भाग पाडलं.

गाजरगवत उर्फ काँग्रेस गवत १९५५ मध्ये पुण्यात दिसलं. ते अमेरिकेच्या पीएल-४८० या अन्नमदत योजनेतल्या गव्हातून आलं, असं आजही छातीठोकपणे सांगतात. पण त्या योजनेचा भारताशी करार झाला १९५६ च्या ऑगस्टमध्ये, तेव्हा ती कथा जरा जपूनच घ्यावी. पुढच्या काही वर्षांत रानात, रस्त्याकडेला, मोकळ्या प्लॉटवर ते माजलं आणि त्वचेच्या दवाखान्यात एक ठरावीक पेशंट दिसू लागला: उघड्यावर काम करणारा, बहुधा पुरुष, वयाने मोठा. चेहरा, मान आणि कोपराच्या आतली घडी काळवंडून जाड झालेली. खाज अशी की झोप नाही.

पाहताक्षणी हा उन्हाचा त्रास वाटे. ॲटॉपिक इसबही वाटू शकतो, कारण तोही घड्यांमध्येच बसतो. पण तो बहुधा लहानपणी सुरू होतो आणि घरात कुणाला तरी दमा किंवा ॲलर्जीची सर्दी असते. हा चाळिशीत अचानक उपटलेला. उन्हाचा संशय तपासायचा तर पेशंटला डोळे मिटून हनुवटी वर करायला सांगायचं. वरच्या पापण्या, हनुवटीखालची जागा, कानामागची कातडी: तिथे ऊन फारसं पोचत नाही, वाळलेल्या गवताची भुकटी मात्र पोचते. तिथेही इसब असेल, तर दोष हवेतून येणाऱ्या कशाचा तरी.

१९७४ मध्ये लोणकर, मिचेल आणि कॅलनन यांचा या आजारावरचा निबंध लंडनच्या त्वचारोग नियतकालिकात आला. गवताचा अर्क पाठीवर चिकटवून दोन दिवस ठेवायचा, मग पट्टी काढून लाली आणि पुरळ बघायचं, ही पॅच टेस्ट निदानाचा आधार बनली. गवताच्या बारीक लवेतलं पार्थेनिन हे रसायन मुख्य कारण.

दुखणं जुनं झालं की गणित बिघडतं. कित्येकांची कातडी पुढे उन्हालाही चिडते, घड्या मोकळ्या होतात आणि उघड्या भागावरच चट्टे राहतात. मग पापण्या पाहून भागत नाही. पूर्वी पेशंट कसा दिसायचा, पावसाळ्यात त्रास वाढायचा का, हे खोदून विचारावं लागतं आणि पॅच टेस्टही करावी लागते.